परत बसावं लागंल

मला जन्मात एकदाच कुणी नापास केलं, आणि तेही शाळेच्या शिपायानं. बी.ए. झाले, बी.एड. झाले, कुठं अडखळले नव्हते. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र साळवे मामांनी माझी उत्तरपत्रिका माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाले, "बाई, परत बसावं लागंल." आवाजात टोमणा नव्हता, दिलगिरीही नव्हती. आज टपाल नाही, असं पोस्टमननं सांगावं तसं सांगून ते पाण्याचा रांजण भरायला निघून गेले.

साल एकाहत्तर. नगर जिल्ह्यात, कर्जतच्या पुढं दहाएक मैलांवर एका गावात ते हायस्कूल होतं. पत्र्याच्या सहा खोल्या, एक ऑफिस, पुढं लांबलचक ओटा. मी नगर शहरात वाढलेली, जिल्ह्याच्या गावची म्हणून जरा ताठ्यातच होते. शिवाय माझं तोंड फटकळ. तेव्हाही होतं, आता वयानं त्याला धारच आली आहे. रुजू झाले त्या दिवशी हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांची ओळख करून दिली आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या एका उंच, वाळक्या माणसाकडं हात केला. म्हणाले, हे लक्ष्मण साळवे, पोरं मामा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. पन्नाशीचा माणूस. खाकी सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, कानावर पेन्सिल. कुठला विषय घेणार म्हणून त्यांनी मला विचारलं. इंग्रजी म्हटल्यावर माझ्याकडं एकदा नीट निरखून पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं. कसलं कौतुक! गिऱ्हाईक आलं म्हणून पाहत होते.

दोन आठवडे त्यांनी मला रुळू दिलं. मग एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पत्र्याची एक चपटी पेटी घेऊन वर्गात आले. पेटीत एक छापील कागद होता. खळीनं कापडावर डकवलेला, घड्यांच्या रेषा पिवळ्या पडलेल्या. युनिव्हर्सिटीच्या जुन्या मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर, लढाईच्या काळातला. एवढा सोडवून दिला तर बरं होईल, म्हणाले. तीन तास आहेत.

मला हसूच आलं. मॅट्रिकचा पेपर, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली! अर्ध्या तासात संपवते म्हणून बसले. मामांनी बाहेर जाऊन रीतसर घंटा वाजवली, रिकाम्या शाळेत एकट्या माझ्यासाठी, आणि दाराशी हात मागं बांधून उभे राहिले.

पहिलाच प्रश्न वाक्यपृथक्करणाचा. आठ ओळींचं एकच वाक्य. त्यातलं मुख्य वाक्य कुठलं, पोटवाक्यं कुठली, कुणाचा कुणाशी काय संबंध, सगळं उकलून दाखवायचं. मला त्या वाक्याचं क्रियापदच सापडेना. मग 'ऑन' की 'अपॉन', 'इन' की 'इन्टू' असल्या बारा गाळलेल्या जागा. मग मराठीतून इंग्रजीत भाषांतर. 'तो वेळेवर आला असता तर हा अनर्थ टळला असता.' मी बेधडक 'इफ ही वुड हॅव केम' लिहून मोकळी झाले. आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. त्याखाली इंग्रजी उतारा, उताऱ्यावर प्रश्न, पत्र, निबंध. बी.ए.ला आम्ही मोठमोठी नाटकं शिकलो होतो, म्हणजे त्यांच्यावरची गाइडं शिकलो होतो. काय येणार ते आधीच ठाऊक असायचं. या पेपरात काय येणार ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नव्हतं. तीन तासांची घंटा झाली तेव्हा माझा निबंध अर्धा राहिला होता.

शंभरात सव्वीस पडले. पस्तीसला पास.

मी विचारलं, थोडं तोऱ्यातच, की तपासलं कुणी? मामांनी पेटीतून एक जाडजूड वही काढली. त्या एका पेपरातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीत होतं, आणि प्रत्येकापुढं ते ज्यानं सांगितलं त्याचा हुद्दा. वाक्यपृथक्करण कर्जतच्या एका रिटायर पोस्टमास्तरांनी करून दिलेलं. भाषांतर जनावरांच्या डॉक्टरांचं, पत्र आणि निबंधही असेच कुणाकुणाकडून लिहून घेतलेले. शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली होती तेव्हा पोरं धरणाचं पाणी बघत होती, आणि मामा बंगल्यावर उतरलेल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरला गाठून 'ऑन' की 'अपॉन' ते विचारत होते. तीस वर्षं हा माणूस असा जिल्हाभर एकेक उत्तर गोळा करत हिंडला होता. इंग्रजी बोलता त्यांना येत नसे, वर्तमानपत्र वाचतानाही अडखळत. पण त्या एका पेपरात त्यांना हरवणारा कुणी मी पाहिला नाही.

शाळेत इंग्रजी शिकवायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो पेपर दिला होता. विज्ञानाच्या सरांना दिला, चित्रकलेच्या सरांनाही दिला. कुणाला एकोणीस, कुणाला तेवीस. बहात्तरच्या जानेवारीत तपासणीला साहेब आले. पोरांनी एका सुरात 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं, साहेब खूष झाले, शाळेचं इंग्रजी उत्तम आहे असा शेराही लिहून टाकला. मामा चहा घेऊन आले, ट्रेमध्ये कपाशेजारी पेपर. साहेबांनी घोट घेत घेत घडी उलगडली, वाचलं, आणि पुढचा घोट काही घेतला नाही. हे जुन्या जमान्यातलं, आता याचं काय, असं पुटपुटत त्यांनी घड्याळ पाहिलं. जीप गेल्यावर मामांनी गार झालेला कप उचलला आणि मला एवढंच म्हणाले, "साहेब बसलेच न्हाईत." मामांच्या लेखी माणसांच्या तीनच जाती होत्या. पास, नापास आणि न बसलेले. पासची जात अजून रिकामी होती, आणि न बसलेल्यांबद्दल त्यांना कीव वाटायची.

दुसऱ्या जातींविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत. रांजणातलं पाणी पोरांना मामाच द्यायचे, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं. मामा बौद्ध वस्तीतले. काही घरची पोरं आपापला तांब्या घरून भरून आणायची, रांजणाकडं फिरकायची नाहीत. मामांनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. बहात्तरला पाऊस पडलाच नाही. विहिरी आटल्या, टँकरची वाट पाहणं सुरू झालं, घरचे तांबे रिकामे राहू लागले आणि तांब्यावाली पोरंही रांजणाशी रांगेत येऊन उभी राहिली. मी मुद्दाम बघत होते, मामा आता काय करतात. त्यांनी त्या पोरांनाही ओगराळं काठोकाठ भरून पाणी घातलं आणि पुढच्याला म्हणाले, "चल, सर फुडं."

त्याच दिवसांत मी त्यांना विचारलं, मामा, तुम्हाला स्वतःला त्या पेपरात किती पडले होते?

बत्तीस, म्हणाले. आणि ओट्याच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या त्यांनी सगळी हकिगत सांगितली. नगरला बोर्डिंगात राहून ते शिकले. त्यांच्या वस्तीतून मॅट्रिकला बसलेला पहिला मुलगा. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत तीन गुण कमी. आणि ते तीन गुण गेले त्या उताऱ्यात. एका शेतकऱ्याचा म्हातारा बाप आजारी असतो. मुलगा उशाशी बसून असतो. पहाटे 'द ओल्ड मॅन गेव्ह अप द घोस्ट', मग मुलगा रडू लागतो, शेजारीपाजारी जमतात. इथं उतारा संपतो. पुढं प्रश्न: मुलगा का रडला? शेजारी का आले? मुलानं नंतर काय केलं असेल?

घोस्ट म्हणजे भूत, हे लक्ष्मणला ठाऊक होतं. गेव्ह अप म्हणजे सोडलं. म्हाताऱ्याचं भूत सुटलं! आता यात न कळण्यासारखं काय होतं? त्यांच्या आईलाच ते लहान असताना लागिर झालं होतं. घरच्यांनी देवऋषीकडं नेलं, दोन अमावास्या झाल्या आणि तिसरीला पहाटे पहाटे तिच्या अंगातलं सुटलं. ती डोळे उघडून पाणी मागू लागली तेव्हा बाप ढसढसा रडला, आळी गोळा झाली. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. पोरानं पेपरात लिहून दिलं: बाप बरा झाला म्हणून मुलगा आनंदानं रडला, शेजारी बघायला आले, मुलानं गावाला गूळ वाटला.

"समदा उतारा बरुबर बसला की वो, बाई," मामा म्हणाले. "येक वळ अडली न्हाई."

नापास का झालो ते त्यांना नऊ वर्षं कळलं नाही. बाप त्याच साली गेला, बोर्डिंग सुटलं, परत बसणं झालं नाही, पुढं या शाळेत शिपाई म्हणून लागले. नवव्या वर्षी गावातल्या एका शेतकऱ्याबरोबर बैल बघायला म्हणून घोडेगावच्या बाजाराला गेले होते. तिथं चहाच्या पालात एक मिलिटरीतला पेन्शनर भेटला, इंग्रजी जाणणारा. सवयीनं पेपर खिशात होताच. तो वाचून हसला आणि म्हणाला, अरे गड्या, म्हणजे म्हातारा मेला.

"मी थितंच जनावरांत खाली बसलो," मामा म्हणाले. "नऊ वर्सं त्यो म्हातारा जित्ता हुता, बाई. मीच ठिवला हुता. आन त्याच्यापायी मी नापास."

मी हसले. हसून झाल्यावर त्यांच्याकडं पाहिलं तर ते हसत नव्हते. मला फार शरम वाटली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शाळेचे क्लार्क पुढच्या जूनमध्ये रिटायर व्हायचे होते. हेडमास्तर भला माणूस. त्यांच्या मनात आलं की मामांना त्या जागेवर घ्यावं. शाळेची सगळी दफ्तरं मामांना तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. अडचण एकच, मॅट्रिक पाहिजे. तर मामांनी बाहेरून फॉर्म भरावा, मार्चला अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेला बसावं, मी संस्थेला लिहितो, असं हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं. नवा पेपर सोपा असतो, डोळे झाकून पास व्हाल, असंही म्हणाले. तिथंच चुकलं. मामांनी मान हलवली. ती परीक्षा पोरांची, माझी नव्हे, म्हणाले. माझा पेपर तो, आणि त्यात मी नापास आहे.

आठवड्यानं त्यांची बायको कौसाबाई शाळेत आली. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची; त्या दिवशी कामाला सुटी होती. हाताला घट्टे, पदरावर खडीची पांढरी धूळ कायमची बसलेली. हेडमास्तरांकडं गेली नाही, सरळ माझ्या वर्गाच्या दाराशी आली.

"बाई, तुमी सांगा त्येंला. तुमचं ऐकत्यात," ती म्हणाली. "तेवीस वर्सं झाली लग्नाला. ह्या मानसाला मी दिवसा बसलेला बघितला न्हाई. शाळंत उबा, घरी आला की पान्यासाठी उबा. सनासुदीला जेवाया बसला तरी घंटंच्या टायमाला दचकून उटतोय. येकदा खुर्चीत बसलेला बघू द्या. मंग मी काय मागायची न्हाई."

ती गेल्यावर मी तडक मामांकडं गेले. माझी जीभ म्हणजे काय सांगावं! समजावून सांगायला गेले आणि म्हणाले काय, तर, "मामा, तुम्ही तो पेपर जपत नाही, त्याच्याआड लपता. तीस वर्षांत त्यात कुणी पास झालं नाही याचं तुम्हाला बरं वाटतं. म्हणून वाटत फिरता." बोलून गेले आणि जीभ चावली. मामांनी पेटी मिटली, तिची कडी लावली. त्या दिवशी चौथ्या तासाची घंटा दोन मिनिटं उशिरा झाली. शाळेत असं पूर्वी कधी झालं नव्हतं, असं मला दुसऱ्या सरांनी सांगितलं. मी घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यापुढं परीक्षेचा फॉर्म ठेवला. नाव, पत्ता भरलेला होता. म्हणाले, "कवा शिकवनार?"

शाळा सुटल्यावर पाच ते सहा, आठवीच्या वर्गात, आम्ही बसायला लागलो. बाकी विषय इतर सरांनी वाटून घेतले. मला वाटलं होतं, हेडमास्तर म्हणाले तसंच होईल, सोपं काम. व्याकरण सोपं गेलंच. वाक्याची चिरफाड करायला मामा मलाच शिकवायचे. म्हणून आम्ही तास वाटला. पाच ते साडेपाच मी बाई, साडेपाच ते सहा ते मास्तर. गाडं अडलं ते पत्रावर आणि निबंधावर. नव्या पेपरात 'तुमचा मित्र', 'तुमचं गाव', असल्यावर दहा-बारा ओळी आपल्या मनानं लिहायच्या असत. मामा 'माय फ्रेंड इज' एवढं सुरेख अक्षरात लिहायचे आणि पेन्सिल धरून बसून राहायचे. कपाळावर घाम. "उतारा कुटं हाय?" विचारायचे. उतारा नाही, तुमच्या मनातलं लिहा, म्हटलं की घाबरून माझ्याकडं बघायचे. त्यांच्या आयुष्यात इंग्रजी हे दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं असायचं, आपण फक्त त्याचा अर्थ लावायचा, आणि तो चुकला की संपलं. इंग्रजीत आपण कुणाला काही सांगू शकतो हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

जुनी मॅट्रिक म्हणजे आजचं बी.ए., असं मला आयुष्यभर पुष्कळांनी ऐकवलं. ऐकवणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी तो पेपर पाहिलेला असतो. मी त्यात सपशेल आपटले, हे मी नाकारत नाही. पण तोच पेपर कोळून प्यालेला माणूस पोरासोरांच्या पत्रापुढं चार महिने घाम पुसत बसलेला मी पाहिला आहे. त्यामुळं कुणी या विषयावर बढाया मारायला लागलं की मी उठून जाते.

फेब्रुवारीत, मामांची धाकधूक वाढली होती म्हणून की काय, मी त्यांना म्हटलं, द्या तुमचा पेपर, मी परत बसते. परत शनिवार, परत घंटा, परत ते दाराशी उभे. एक्केचाळीस पडले. मामांनी बेरीज दोनदा करून पाहिली. मग वहीच्या शेवटच्या पानावर माझं नाव लिहिलं. त्या पानावर दुसरं नाव नव्हतं. "बाई, झाल्या," एवढंच म्हणाले. बी.ए.च्या निकालाला मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्यांच्या पत्रासाठी मी शेवटी सगळे शिक्षक करतात तेच केलं. चार पत्रं पाठ करून घेतली. त्यातलं एक ठरलेलं: मित्राला सुटीत गावी बोलावणं. आमराई, खळखळणारी नदी, मोकळी हवा. मामांनी मुकाट्यानं पाठ केलं.

मार्च त्र्याहत्तर. केंद्र कर्जतला होतं. आमच्या पोरांना घेऊन मी गेले होते. मामा धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते, कानावर पेन्सिल नव्हती. त्यांचा नंबर आमच्याच शाळेतल्या दोन मुलींच्या मधे आला होता. मी खिडकीतून पाहत होते. पहिली घंटा झाली आणि मामा चटकन उभे राहिले. मग लक्षात आलं, तसे सावकाश खाली बसले. मागचीपुढची पोरं त्यांना चांगली ओळखत होती. एकही हसलं नाही.

पेपर सुटल्यावर मी फाटकातच गाठलं. पत्र कोणतं आलं? तेच आलं होतं, मित्राला सुटीत गावी बोलवा. माझा जीव भांड्यात पडला. पाठ केलेलं लिहिलंत ना, विचारलं. मामा म्हणाले, न्हाई.

लिहिलं होतं ते असं: प्रिय मित्रा, या साली येऊ नको. गावात पाणी नाही. नदी कोरडी आहे. माझी बायको खडी फोडायला जाते. पाऊस झाला की मी कळवीन, मग तू ये.

मी कपाळाला हात लावला. चार महिन्यांची माझी आमराई! "अहो मामा, परीक्षेत खरं लिहायचं नसतं!"

"खोटं सांगून आनू व्हय त्येला?" मामा म्हणाले. "तानंनं मरंल त्यो, बाई."

तीस वर्षांत त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या त्या पहिल्या ओळी होत्या ज्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

जूनमध्ये निकाल लागला. मामा पास झाले. इंग्रजीत चव्वेचाळीस, माझ्यापेक्षा तीन जास्त. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी मास्तरानं ते पत्र वाचलं असेल आणि त्याला कळलं असेल, असं मी आजही मानते. हेडमास्तरांनी सगळ्या शाळेला पेढे वाटले आणि त्याच दिवशी संस्थेला लिहिलं. कौसाबाईला पास झाल्याचं कळलं होतं. खुर्ची कधी, एवढंच ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची.

संस्थेचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. पोस्टातून ते पाकीट मामांनीच आणलं आणि हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून, टेबलापासून दोन पावलं मागं, नेहमीच्या जागी उभे राहिले. हेडमास्तरांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. क्लार्कच्या नेमणुकीला वयाची अट होती. मामा कधीच तिच्यापलीकडं गेलेले होते. पुढच्या सोमवारी नवा क्लार्क रुजू होणार, असंही लिहिलं होतं. "मामा, नियम आहे," हेडमास्तर म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"व्हय सर. नियम हाय," मामा म्हणाले, आणि चहा आणू का म्हणून विचारलं.

मी हेडमास्तरांना नाही नाही ते बोलले. आधी चौकशी करायला काय झालं होतं, एका माणसाला आशेला लावून वर्षभर झुलवलंत, असं बरंच काही. ते म्हणाले, बाई, पन्नाशीचा माणूस कधी मॅट्रिक झालेला मी पाहिला नव्हता, मला सुचलंच नाही. ते खरं सांगत होते. म्हणूनच माझा राग कुठं टाकावा ते मला कळेना. मामांसमोर मी रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

दोन दिवसांनी, तिसरा तास चालू असताना, कौसाबाई आली. हिरवं लुगडं, नवं नव्हे पण ठेवणीतलं. केस चापूनचोपून बसवलेले. मामांनी तिला काही सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. माझा तो तास मोकळा होता, मी ऑफिसात वह्या तपासत होते. हेडमास्तर त्यांच्या टेबलाशी होते. क्लार्कची खुर्ची रिकामी होती. कौसाबाई पायरीशी थांबली, आत आली नाही. मामा फडकं घेऊन कपाट पुसत होते. त्यांनी वळून तिला पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

मी हळूच म्हटलं, मामा, खुर्ची रिकामी आहे, जरा बसा. कुणी काही म्हणणार नाही. हेडमास्तरांनी रजिस्टरातून मान वर न काढता म्हटलं, "बसा, मामा."

मामांनी खुर्चीकडं पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई सर. ती माजी न्हाई."

ते बाहेर ओट्यावर गेले आणि बायकोसमोर उभे राहून त्यांनी सरळ सांगून टाकलं. पास झालो ते खरं, खुर्ची मिळायची नाही, वय झालं म्हणतात. सांगताना त्यांची मान खाली होती. मी दाराशी येऊन उभी होते. मला वाटलं, आता ही बाई शाळेला शिव्याशाप देईल, आणि तिनं द्याव्यात असंच मला वाटत होतं.

ती एवढंच म्हणाली, "मी खुर्ची बघाया न्हाई आले. तुमाला बसलेलं बघाया आले. कुटं बसायचं त्ये तुमी ठरवा."

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. सगळे वर्ग चालू होते, पोरं खिडक्यांतून डोकावत होती. त्यांनी हातातल्या फडक्यानं पायरीवरची धूळ झाडली, आधी तिच्यासाठी, मग शेजारी आपल्यासाठी, आणि बसले. कौसाबाई वीतभर अंतर ठेवून बसली. मामांनी छातीशी ठेवलेली गुणपत्रिका काढून तिच्या मांडीवर पसरली. तिला वाचता येत नव्हतं. तिचं बोट धरून त्यांनी ते इंग्रजीच्या आकड्यावर नेऊन ठेवलं, आणि ती कितीतरी वेळ ते तिथून उचलेना.

पुढच्या वर्षी लग्न होऊन मी ती शाळा सोडली. तोवर मामांना मी रोज पाहिलंच असणार, घंटा देताना, पाणी देताना. त्यातलं आता काही आठवत नाही. आठवतात त्या पायरीवर बसलेल्या दोन पाठी. तास संपून गेला तरी मामा उठले नाहीत, आणि त्यांना उठवायला कुणी गेलं नाही.